चहाच्या खिडकीतला आवाज

पाऊस एकाएकी कोसळला म्हणून कोकिळा चिखलीच्या बाजारातल्या त्या दुकानाच्या पत्र्याखाली शिरली. नाहीतर जन्मात शिरली नसती. पदर पिळताना तिची नजर वर गेली आणि तिथेच थांबली. खिळ्याला एक भोंगा टांगलेला होता. त्याच्या काठावर तांबड्या रंगात वेडीवाकडी अक्षरं होती — 'शालिग्राम, चिखली'.

ती अक्षरं तिला पाठ होती. वैशाखात एक अख्खी दुपार ती तिच्या डोळ्यांसमोर लटकलेली होती.

"आत या ना बाई. बाहेर काऊन भिजून राह्यल्या?"

दुकानातून आवाज आला. सावळा, उंच, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला एक तरुण रेडिओच्या उघड्या पोटातून डोकं काढून तिच्याकडे बघत होता. हसत होता. त्याला काही माहीत नव्हतं — याचाच तिला आधी राग आला.

"इथे भिजलेलं बरं," ती म्हणाली.

"तुमची मर्जी. पन तुमी उभ्या हायेत तिथंच पत्र्याले भोक हाये."

त्याच क्षणी थंडगार धार तिच्या मानेवर पडली. ती दचकून आत आली. तो हसला नाही, पण हसू दाबल्याचं त्याच्या गालावर दिसलं. कोकिळेला वाटलं, समोरचा तो रेडिओ उचलावा आणि...

"हा भोंगा तुमचाच?"

"हाव. असे सहा हायेत. लगन हाये का कोनाचं?"

"वैशाखात अमडापूरला भगवानरावांच्या मुलीचं लग्न झालं. त्यांच्या छपरावर हाच होता."

"असंल. भगवानरावाचं लगन माह्याकडंच—"

"शेजारच्या घरात माझे वडील जात होते."

पत्र्यावर पाऊस बडवत होता. शालिग्रामच्या हातातला पेचकस हळूच टेबलावर टेकला.

अमडापुरात काय, सगळ्या मुलखात रीत अशी की, लग्नघरावर भोंगा बांधायचा तो वऱ्हाड ज्या रस्त्याने येणार त्या रस्त्याकडे तोंड करून. वऱ्हाड शिवेवर आल्याबरोबर त्यांना गाणं ऐकू आलं पाहिजे, नाहीतर मुलीच्या बापाची पत काय राहिली! भगवानरावांचे व्याही उंद्रीच्या वाटेने यायचे होते. त्या वाटेच्या तोंडाशीच महादेवरावांचं घर. भोंग्याचं तोंड नेमकं त्यांच्या खिडकीत. महादेवराव म्हणजे आबा — कोकिळेचे वडील — खाटेवर होते. सगळी दुपार गप्प पडलेले आबा एकाएकी डोळे उघडून बोलायला लागले. कोकिळेने कान त्यांच्या ओठांना लावला... आणि कानात शिरलं ते सिनेमातलं एक उडतं गाणं. आबांचे ओठ हलत राहिले. मग थांबले.

"मी माणूस पाठवला होता," ती म्हणाली. राग आला की कोकिळेची भाषा अशी इस्त्री केल्यासारखी व्हायची. अकोल्याच्या कॉलेजने लावलेली सवय. "बंद करा म्हणून निरोप दिला होता. मिळाला होता का?"

नाही म्हणाला असता तर ती निघून गेली असती. त्यालाही ते कळलं असावं. त्याने मान वर केली.

"भेटला होता. वऱ्हाड शिवेवर आलं होतं, रेकॉर्ड चालू होती. मी म्हनलं... एवढा तवा संपू द्या."

"एवढा तवा."

"हाव. मंग दुसराबी लावला." तो थांबला. "मले वाटलं, म्हाताऱ्या मानसाले झोप लागत नसंल. मरून राह्यले हे त्या मानसानं सांगितलं नाही. पन मी इचारलंबी नाही."

कोकिळेकडे तयार बोलणं पुष्कळ होतं. चार महिने ती मनातल्या मनात या माणसाशी भांडत आली होती. त्यात तो कधी उर्मट असायचा, कधी खोटं बोलायचा, कधी पाया पडायचा. खरं बोलायचा मात्र कधीच नाही. आता हा समोर उभा राहून सरळ खरं सांगत होता, आणि तिची सगळी वाक्यं वाया गेली. त्याने तर ती आणखीच चिडली.

"तुमच्या पत्र्याला भोक आहे ते बुजवा," एवढंच तिला सुचलं. आणि ती पावसात निघून गेली.

*

पण तिला परत यावं लागलं, कारण ती चिखलीला आली होती तेच मुळी आवाजाच्या खटपटीसाठी.

आबांच्या घरी आठवड्यातून एकदा थेटर भरायचं. थेटर म्हणजे ओसरीवरचा रेडिओ. नभोनाट्य लागलं की अर्धी गल्ली येऊन बसायची. बायका आत, माजघरात. भिंतीत एक हातभर खिडकी होती, तिच्यातून चहाचे कप ओसरीवर जायचे. नाटक मात्र तिच्यातून आत यायचं ते तुटकं तुटकं. कोकिळेची आई, सत्यभामाबाई, तर कानांनी अधू. आबा माजघराच्या दारात बसत, बायकोकडे तोंड करून, आणि प्रत्येक वाक्य आवाज न करता नुसत्या ओठांनी तिला सांगत. राजाचं, राणीचं, दरवानाचंसुद्धा. वीस वर्षं ती नवऱ्याच्या ओठांवर नाटकं बघत आली होती.

आता रेडिओ होता, ओठ नव्हते. थेटरच्या वेळी आई माजघरात नुसती भिंतीकडे बघत बसायची. म्हणून कोकिळेला ॲम्प्लीफायर हवा होता आणि एक चांगला स्पीकर. प्राथमिक शाळेच्या मास्तरीणबाईला परवडेल असा. चिखलीतल्या मोठ्या दुकानांनी तिला एकतर खोलीएवढा रेडिओग्राम दाखवला, नाहीतर तीस वॉटचं ॲम्प्लीफायरचं मशीन आणि भोंगा. दोन्ही ठिकाणी शेवटी एकच सल्ला मिळाला, "जुनं, सोयीचं पाह्यजे त शालिग्रामकडं जा."

पुढच्या बाजाराला ती गेली. पत्र्याचं भोक बुजवलेलं होतं. ते पाहून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा राग आला.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," पायरीवरूनच ती म्हणाली. "मला सामान हवंय, म्हणून आले."

"बसा," तो म्हणाला. "काय सामान?"

तिने सांगितलं. आई, माजघर, थेटर. आबांच्या ओठांचं सांगितलं नाही. ते त्याच्यासाठी नव्हतं. तो नखाने टेबल खरवडत ऐकत होता.

"तीस वॉट कशाले? ओसरीत वऱ्हाड उतरवायचं हाये का?" मग स्वतःच जीभ चावली. "...दहा पुष्कळ झाले. माह्याकडं एक जुनं हाये, वॉल्व नवे टाकून देतो. पैसा मशीनवर नका घालू, स्पीकरवर घाला. मोठ्या कागदी पडद्याचा घ्या. आवाज मोठा—"

"मोठा नको," ती तोडून म्हणाली. "ऐकू न येणाऱ्या माणसाशी सगळे ओरडून बोलतात. ओरडलेलं त्यांना आणखीच कळत नाही. आईला नीट आवाज हवाय. शब्दाला शब्द सुटा."

शालिग्रामने खरवडणं थांबवलं. "हे मले कोनी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "गिऱ्हाईक येते ते एकच इचारते — किती दूर जाईल?"

"माझ्या घरापर्यंत पुष्कळ आला होता."

त्याने खाली वाकून गोणपाटातून मशीन काढलं, फडक्याने पुसलं आणि भाव सांगितला. इतका कमी की कोकिळेचा चेहरा तांबडा झाला.

"खरा भाव सांगा."

"हाच—"

"माझ्या बापाची भरपाई सामानात कापून देऊ नका. बाजारात जो आहे तो सांगा."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. डोळे आधी त्याने खाली केले — पण खाली करताना तिच्या ओल्या चपलांपर्यंत सावकाश नेले, हे तिच्या लक्षात आलं.

"मंग बाजारभावानं घ्या," तो म्हणाला. "आनि बाजारभावानं घेनाऱ्यासारखी घासाघीसबी करा. सरळ देऊन टाकाल त लोक म्हनतील, बाईले फसवलं."

ती घासाघीस करायला लागली. रागाने केली, मनापासून केली. शेवटी त्याने हात जोडले.

"बाई, तुमी रागात असल्या की पुन्यावरून आल्यासारख्या बोलता. भाव मातर अमडापूरचाच पाडता."

तिला हसू आलं. ते तिने तिथल्या तिथे मारलं. पण त्याने पाहिलं होतं.

*

रविवारी सकाळच्या एस.टी.ने तो अमडापूरला आला. एका हातात मशीन, काखेत स्पीकर, खांद्याला वायरीचं वेटोळं. शेजारच्या झुंबरबाई दारातच होत्या.

"काय वो कोकिळा, हा त भगवानरावाच्या लग्नातला भोंगेवाला ना?"

"हो."

"मंग याले घरात घेतलं?"

"घरात घेतलं तर चहा पाजावा लागेल ना? पाजणार नाही," कोकिळा म्हणाली.

आईने दहा मिनिटांत पाजला. वर पोह्यांची बशी. कोकिळेने आईला अजून सांगितलं नव्हतं की भोंगा याचा. आणि आईने विचारलंही नव्हतं. ती त्याच्यासमोर बसून टक लावून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"उंद्रीच्या किसनरावाचा का तू?"

"हाव. धाकटा."

"तुया बाप यायचा आमच्या याईच्याकडं पुस्तकं न्यायले." मग कोकिळेकडे वळून खूश होऊन म्हणाली, "याचं सगळं समजते व मले! तोंड कसं साफ हालवते पोरगा!"

सहा-सहा भोंग्यांखाली उभं राहून माणसांशी बोलायचं तर ओठ ठळक हलवावे लागतात. धंद्याने लावलेली ती सवय. पण या घरात आईशी असं बोलणारा एकच माणूस होता.

"कामाला लागा," ती म्हणाली.

त्याने स्पीकर नुसता हातात धरून वायर जोडली. आवाज आला तो डब्यात खडे हलवल्यासारखा.

"याले पेटी पाह्यजे. सागाची केली त आवाज भरून येईल. सुतार पेटीचे स्पीकरइतकेच घेईल."

"मग नको."

"आडजात लाकडाची केली त महिन्याभरात फाकंल."

"मग तीही नको. पेटी कशाला लागते?"

"पुढचा आवाज आनि मागचा आवाज एकमेकाले खाऊन टाकते ना. मधी आड पाह्यजे. फळी म्हना, भिंत म्हना..."

"भिंत आहे," कोकिळा म्हणाली.

तिने माजघराच्या भिंतीतल्या त्या हातभर खिडकीकडे बोट केलं. शालिग्राम उठला. त्याने खिडकीत हात घातला, भिंतीची जाडी वितीने मोजली, ओसरीवर जाऊन पलीकडून डोकावला. खिडकीच्या चौकटीत त्याचा चेहरा आला. सगळाच्या सगळा हसणारा.

"बाई! ही त वाड्याएवढी पेटी झाली! फळी बसवतो, मधी स्पीकर. एक पैसा नाही लागत. तोंड ओसरीकडं, पाठ आतमंदी—"

"तोंड माजघराकडे."

"पन मानसं ओसरीवर बसतात."

"बायका माणसं नाहीत?"

"तसं नाही हो... मानसायले पाठीकडून दबका येईल."

"वीस वर्षं बायकांनी दबका ऐकला."

खिडकीतला चेहरा विचारात पडला. "आनि चहा? चहा कसा जाईल ओसरीवर?"

"ज्याला हवा तो उठून आत येईल आणि घेऊन जाईल."

तो खो खो हसायला लागला. खिडकीच्या या बाजूला ती, त्या बाजूला तो, मधे हातभर अंतर. हसता हसता तो थांबला, आणि तसाच बघत राहिला. कोकिळेला मागे सरायला हवं होतं. ती सरली नाही. मग एकदम आठवलं — हाच तो, 'एवढा तवा संपू द्या' म्हणणारा — आणि तिने खिडकीची झडप त्याच्या तोंडावर धाडकन लावली.

"बाई," झडपेमागून आवाज आला, "हे झडप बी काढा लागंल."

*

फळी बसवायला तो पुढल्या रविवारी आला. त्या आठवड्यात कोकिळेने शाळेत दोन मुलींना विनाकारण रागावलं, आणि आरशासमोर जास्त वेळ लागला म्हणून स्वतःला.

दुपारी रेडिओवर काही नव्हतं, म्हणून जोडणी बघायला त्याने आपली रेकॉर्ड वाजवायची पेटी आणली होती. ओसरीवर बसून त्याने एका जुन्या नाटकातल्या पदाचा तवा लावला. आई माजघरात खिडकीसमोर बसलेली. खिडकीत आता झडप नव्हती. फळीत बसवलेलं काळं गोल तोंड होतं. आधी नुसती घुमघुम झाली... आणि मग सारंगीचा सूर भिंतीतून उतरावा तसा उतरला. पाठोपाठ शब्द. एकेक शब्द सुटा.

आईने हात वर केला, थांबा म्हणाल्यासारखा. दोन्ही तळवे तिने भिंतीला लावले. तिचा चेहरा बघवेना म्हणून कोकिळेने दाराकडे मान वळवली. दारात शालिग्राम उभा होता, तोही बघत होता. त्याचे डोळे भरलेले तिला दिसले. या माणसाचा राग कसा करत राहायचा — आणि नाही केला तर आबांचं काय, त्यांच्यासाठी दुसरं आपल्याकडे आहेच काय?

"मागे खरखर येतेय," ती कोरडेपणाने म्हणाली.

त्याने कान दिला. "सुई घासली. एका सुईवर एक तवा वाजवायचा असते, मी चार-चार काढतो. बदलतो लगेच."

आई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"हाव, बदल बाप्पा," ती म्हणाली. "त्याईनं तेव्हाच सांगितलं होतं."

"कोणी?" कोकिळा म्हणाली. मग आईसमोर जाऊन, ओठ ठळक हलवून, "कोणी, आई?"

"तुया आबानं."

"कधी?"

"जाताना व." आईने सहज सांगितलं, हाताने पदर सारखा करत. "तो भोंगा वाजून राह्यला होता ना. त्याईनं डोळे उघडले, बाहेर कान देला, कपाळाले आठी पाडली. म्हनले, 'सुई घासली त्याची. बदल म्हना.' मंग पानी मागतलं. मी पाजलं. मंग... झालं."

तवा संपला होता. नुसती सुई फिरत होती, खर्र, खर्र.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुया कान त त्याईच्या तोंडापाशीच होता, पोरी! मले वाटलं, तुले ऐकू आलं. मी लांब, पायापाशी. मले त नुसते ओठ दिसले."

कोकिळा उठली आणि मागच्या दाराने परसात गेली.

शेवग्याच्या झाडाखाली धुण्याच्या दगडावर ती बसून राहिली. बऱ्याच वेळाने शालिग्राम आला. जवळ आला नाही; विहिरीच्या काठाशी थांबला.

"सुई बदलली," तो म्हणाला.

"चला, आबांचा निरोप पोचला." तिने मान वर केली नाही. "तुम्हाला वाटलं असेल, सुटलात."

"नाही."

"चार महिने, शालिग्राम! चार महिने मी रोज झोपताना एकेक वाक्य रचलं. काय म्हणाले असतील? पोरी, आईला सांभाळ. पोरी, शिकत राहा. पोरी... काहीतरी! आणि ते काय म्हणाले? सुई! मी कान लावून बसले होते, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुमच्या भोंग्याची काळजी! मले एक शब्द नाही... एक शब्द नाही मले!"

रागात पहिल्यांदा तिची इस्त्री मोडली. ती रडत होती आणि हसतही होती, कारण आबांची ती कपाळाची आठी तिला समोर दिसत होती. खराब आवाज ऐकला की पडायची तीच. मरतानाही त्या माणसाला खरखर सहन झाली नव्हती.

शालिग्राम दोन पावलं पुढे आला.

"मी काय बोलू," तो म्हणाला. "माही सुई चांगली असती, त कदाचित ते तुमच्याशीच बोलले असते."

"हाव. तेच म्हणतेय मी." तिने नाक पुसलं. "तुमचा गुन्हा कमी नाही झाला. वाढला."

"वाढू द्या."

"राग जाणार नाही माझा."

"मी कुठं म्हनतो, जाऊ द्या?" तो अडखळला. सहा भोंग्यांखाली न अडखळणारा माणूस — शेवग्याच्या पानाशी चाळा करत राहिला. "बाई... कोकिळा... तुमी दुकानात भांडून गेल्या त्या दिवसापासून मी दुसरं काही नीट ऐकलंच नाही. गिऱ्हाईक बोलते, मले तुमीच ऐकू येता. माह्या बापानं इचारलं, कुठं ध्यान हाये तुहं. मी सांगून टाकलं. ते म्हनले, महादेवरावाची पोर त नाहीच म्हनंल. मी म्हनलं, म्हनू द्या... पन माह्यासमोर म्हनू द्या."

विहिरीत कुठूनसा एक थेंब पडला. कोकिळा त्याच्या ओठांकडे बघत होती. ठळक, साफ हलणारे ओठ. ते आता मिटलेले होते आणि वाट बघत होते.

"मी रोज भांडेन," ती म्हणाली.

"हाव."

"आईला घेऊन येईन. थेटरही."

"थेटर म्या बसवलं, मीच काढीन. खिडकी मातर नवी पाडावी लागंल."

"तोंड माजघराकडे."

"माजघराकडं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं होतं, पण अजून त्याला परवानगी नव्हती. "म्हंजे... हो?"

"एका अटीवर. लग्नात भोंगा लागणार नाही. एकसुद्धा नाही. वऱ्हाड कोणत्याही रस्त्याने येवो."

शालिग्राम बघतच राहिला. "माह्याच लग्नात माहा भोंगा नाही? बाई, आखा तालुका हासंल मले!"

"हसू द्या," कोकिळा म्हणाली. "हसलेलं ऐकू तर येईल."